डाव्या नाकपुडीतून चार महिने पू: एका घोडीच्या सायनसचे प्रकरण

नुकरी घोडी, दातांवरून वय नऊ वर्षे, मारवाडी वळणाची. लग्नसराईत वरातीला, एरवी रपेटीला. मागच्या मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून पुणे जिल्ह्यात आणलेली. तबेल्यात आणखी तीन जनावरे, त्यांना काही त्रास नाही. वजनकाटा नव्हता, म्हणून फितीने मापले: छातीचा घेर 166 सें.मी., खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 155 सें.मी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, असे केले की साधारण 360 किलो येतात. पुढचे सगळे डोस याच आकड्यावर काढलेले आहेत.

तक्रार एका ओळीची होती: डाव्या नाकपुडीतून चार महिने शेंबूड, आता पू आणि घाण वास. सुरुवातीला पांढरट पातळ, मग पिवळा घट्ट, गेला महिनाभर मोतद्दाराला जवळ उभे राहवत नाही इतका कुजका. उजवी नाकपुडी कोरडी. ताप कधी आला नाही, खाणे व्यवस्थित, कडबा-कुट्टी-हरभरा सगळे संपते. तुळशीचे लग्न महिन्यावर आलेले आणि वरातीच्या तारखा घेतलेल्या, त्यामुळे मालकाला घाई.

आधी तीन वेळा उपचार झाले होते. पहिल्यांदा पेनिसिलिनची 40 लाख युनिटांची बाटली रोज एक, पाच दिवस. दुसऱ्यांदा एन्रोफ्लॉक्सासिन. तिसऱ्यांदा पुन्हा पेनिसिलिन, सोबत स्ट्रेप्टोमायसिन आणि निलगिरीच्या तेलाची वाफ. तिन्ही वेळा आठ-दहा दिवस नाक सुकले आणि परत वाहू लागले. या इतिहासातच अर्धे निदान आहे. घोड्याला प्रोकेन पेनिसिलिन किलोमागे 22,000 युनिट, दिवसातून दोनदा लागते. म्हणजे या घोडीला एका वेळी सुमारे 79 लाख आणि दिवसाला 158 लाख. तिला मिळाले त्याच्या एक-चतुर्थांश. पण डोस पुरा असता तरी हा पू परतलाच असता. औषध रक्तातून अस्तरापर्यंत पोचते, पोकळीत साठलेल्या घट्ट पुवाच्या गोळ्यात पोचत नाही, आणि पू जिथून येतो ते मूळ तसेच राहते.

पहिला प्रश्न शेंबा आहे का, हाच

भारतात नाकातून पू येणाऱ्या घोड्याच्या तोंडाजवळ जाण्याआधी शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, नाही ना हे पाहावेच लागते. बर्खोल्डेरिया मॅलेई या जंतूचा हा रोग माणसाला होतो आणि माणसात जीवघेणा ठरू शकतो. 2006 मध्ये भारतात तो पुन्हा डोके वर काढताना पुणे आणि पाचगणी भागातच आढळला होता. 2009 च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाखाली तो कळवणे बंधनकारक आहे. बाधित घोड्यावर उपचार करायचे नसतात, त्याला शांतपणे मारून खोल पुरतात. घोडी यात्रेतून आलेली, जिथे अनेक राज्यांची जनावरे एका पाण्यावर येतात, त्यामुळे शंका घेणे भागच होते.

विरुद्ध बाजूने बोलणाऱ्या गोष्टीही होत्या. शेंब्यात जबड्याखालची गाठ कडक होऊन खालच्या हाडाला चिकटते. हिची डावी गाठ सुपारीएवढी, बोटाखाली सरकणारी, न दुखणारी. पायांच्या आतल्या बाजूला, जिथे लसिकावाहिन्या दोरीसारख्या फुगून गाठी फुटतात, तिथे काही नव्हते. नाकपुडीतून टॉर्चने दिसते तेवढ्या, नाकाच्या मधल्या पडद्यावर व्रण किंवा ताऱ्यासारखे वण नव्हते. तरीही डोळ्यांनी पाहून शेंबा नाकारता येत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्तजल (सीरम) हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या तपासणीसाठी गेले. अहवाल येईपर्यंत घोडी वेगळी, तिची बादली, खरारा आणि तोबरा वेगळा, मोतद्दाराला हातमोजे, एन-95 मास्क आणि चष्मा. तोबरा तर बंदच केला. नाकातून वाहणाऱ्या जनावराला तोबरा लावणे म्हणजे स्वतःच्या पुवात श्वास घ्यायला लावणे, आणि तोच तोबरा दुसऱ्याच्या तोंडाला गेला की संसर्ग पोचवणे.

या दिवसांत नाकात घालायची दुर्बीण (एंडोस्कोप) नाही, धुणे नाही, वाफही नाही. पुवाचे तुषार उडवणारे कुठलेही काम अहवालानंतरच. अहवाल नकारात्मक आला आणि मग खरी तपासणी सुरू झाली.

एकाच बाजूने का

घोड्याच्या कवटीत प्रत्येक बाजूला सायनसच्या, म्हणजे नाकाला जोडलेल्या हवेच्या, सात पोकळ्या असतात. व्यवहारात त्यांचे दोन गट धरले तरी पुरते. पुढचा गट म्हणजे पुढची मॅक्सिलरी, म्हणजे वरच्या जबड्याच्या हाडातली, पोकळी आणि तिला लागून असलेली खालच्या शंखास्थीची, म्हणजे नाकातल्या गुंडाळीसारख्या पातळ हाडाची, पोकळी. मागचा गट म्हणजे मागची मॅक्सिलरी, कपाळाची, वरच्या शंखास्थीची आणि इतर. दोन्ही गटांचा निचरा नाकाच्या मधल्या मार्गात, एका अरुंद फटीतून होतो. ही फट नाकाच्या पडद्याच्या मागच्या टोकापेक्षा पुढे आहे, म्हणून सायनसचा पू त्याच बाजूच्या नाकपुडीतून येतो. घशामागच्या हवेच्या पिशव्या, म्हणजे गटरल पाऊच, पडद्याच्या मागे उघडतात. तिथला पू एका किंवा दोन्ही नाकपुड्यांतून येऊ शकतो. फुप्फुसातला बहुधा दोन्हींतून येतो.

वरच्या दाढांची मुळे याच मॅक्सिलरी पोकळ्यांच्या तळाशी असतात. एका बाजूच्या सहा दाढांपैकी मागच्या चारांची. तिसऱ्या-चौथ्या दाढेची मुळे बहुधा पुढच्या पोकळीत, पाचव्या-सहाव्याची मागच्या पोकळीत. दाढ आणि पोकळी यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा आणि वर अस्तर, एवढेच. मुळाशी संसर्ग झाला की पापुद्रा झिजतो आणि पू थेट सायनसमध्ये उतरतो.

त्यामुळे एका बाजूचा, महिनोन्महिने चालणारा, कुजका वास येणारा पू म्हणजे दाढ, जोवर दुसरे काही सिद्ध होत नाही तोवर. कुजका वास अनएरोबिक, म्हणजे हवेशिवाय वाढणाऱ्या, जंतूंचा. साध्या, दाताशी संबंध नसलेल्या सायनसच्या दाहात बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस असतो आणि त्याच्या पुवाला एवढी दुर्गंधी नसते. पुवाऐवजी अधूनमधून रक्ताच्या रेषा असत्या तर एथमॉइडच्या, म्हणजे नाकाच्या मागच्या टोकाच्या हाडाच्या, रक्तगाठीचा विचार पहिला आला असता. अंबरसारखा पिवळा पारदर्शक द्रव निघाला तर सायनसमधली पुटी (सिस्ट). तळ्या-डबक्याच्या पाण्यावर चरणाऱ्या जनावराच्या नाकपुडीत तुतीच्या फळासारखी गुलाबी, पांढऱ्या ठिपक्यांची वाढ दिसली तर ऱ्हायनोस्पोरिडियम या सूक्ष्मजीवाचा संसर्ग. बुरशी आणि कर्करोग हेही वास देतात, म्हणून वासावर थांबायचे नसते.

‘दाढ दुखत असती तर खाल्लेच नसते’ हे मालकाचे म्हणणे. हे जवळजवळ प्रत्येक तबेल्यात ऐकू येते आणि चुकीचे आहे. मुळाशी संसर्ग झालेले बहुसंख्य घोडे नेहमीसारखे खातात. घास तोंडातून पडणे हे दाढेच्या माथ्याच्या धारदार कडा, हिरडीचे खिसे, हलणारे दात यांचे लक्षण आहे.

तपासणी

तापमान 37.9 अंश सेल्सिअस, नाडी 36, श्वास 12. डावा डोळा पाणावलेला, कारण अश्रुनलिका याच सुजलेल्या भागातून जाते. नाकपुड्यांपुढे कापसाचे तंतू धरले तर डावीकडचे कमी हलत होते. चेहऱ्यावर फुगवटा नाही. घोडीचे तोंड थोडे उघडून गालाच्या हाडावर बोटाने ठोकले तेव्हा डावीकडे आवाज बद्द आला. ठोकण्यावर फार विसंबू नये. बद्द आवाज आला तर उपयोगी, नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही.

गुंगीसाठी झायलाझिन किलोमागे 0.5 मि.ग्रॅ., म्हणजे 180 मि.ग्रॅ., आणि ब्युटॉर्फेनॉल 7 मि.ग्रॅ., दोन्ही शिरेतून. इथे एक सावधगिरी, कारण चूक पाचपटीची होते: झायलाझिन 20 आणि 100 मि.ग्रॅ. प्रति मि.लि. अशा दोन्ही ताकदींत मिळते. पहिल्याचे 9 मि.लि. लागतात, दुसऱ्याचे 1.8. बाटली वाचल्याशिवाय सुई भरू नये.

दुर्बीण आधी उजव्या, निरोगी बाजूने घातली आणि मग डाव्या. डावीकडे खालची शंखास्थी फुगून मार्ग अरुंद झाला होता. नाकाच्या मधल्या मार्गाच्या मागच्या टोकाला, एथमॉइडच्या किंचित पुढे, निचऱ्याच्या फटीतून पुवाची सलग रेघ उतरत होती. पडदा स्वच्छ, बुरशीचे पांढरे-काळे थर नाहीत. दोन्ही गटरल पाऊचमध्ये मार्गदर्शक तारेवरून दुर्बीण नेली, दोन्ही कोरडे. पू सायनसचाच, हे इथे नक्की झाले. कशामुळे, ते अजून नाही.

एक्स-रे उभ्याने काढले. लोखंडी कड्यांची मोरखी काढून सुती दोर बांधला, नाहीतर कडी नेमकी दाढेवर येते. प्लेट डाव्या बाजूला. सरळ बाजूच्या चित्रात द्रवाच्या दोन आडव्या पातळ्या स्पष्ट दिसल्या. मग किरण वरून 30 अंश तिरका, म्हणजे डाव्या-उजव्या दाढांची मुळे एकमेकांवर येत नाहीत. या तिरक्या चित्रात डाव्या चौथ्या दाढेच्या मुळाभोवती धूसरपणा होता, पण द्रवाने सगळे झाकलेले. अशा चित्रावरून दाढ दोषी ठरवणे घाईचे. निरोगी दाढ उपटली गेल्याची उदाहरणे अशाच धुकट एक्स-रेतून तयार होतात. द्रव काढून चित्र पुन्हा घ्यायचे ठरले.

तोंडात मात्र पुरावा सापडला. तोंड उघडे धरणारा माउथ गॅग लावून, तोंड दोन-तीन वेळा पाण्याने खळखळून, कपाळावरचा दिवा आणि लांब दांड्याचा दंत-आरसा. आरशाशिवाय घोड्याची मागची दाढ पाहिली असे म्हणू नये. हात घालून चाचपले तर माथ्याची उंची आणि हलणे कळते, भेग कळत नाही. डावी वरची चौथी दाढ, ट्रायडन क्रमांकाने 209 (पहिला अंक जबड्याचा भाग, पुढचे दोन दाताची जागा), तिच्या माथ्यावर पुढून मागे एक काळी रेघ होती आणि रेघेत हिरवट-काळा चारा घट्ट बसलेला. शोधणीने तो काढला तर भेग 12 मि.मी. खोल गेली आणि तोच वास आला.

ही भेग नेमकी इथेच का पडते? वरच्या प्रत्येक दाढेच्या माथ्यावर पेल्यासारखे दोन खळगे असतात, आतून सिमेंटाने भरलेले. ते भरणे अपुरे राहिले तर चारा साचतो, कुजतो, खळगा कोरला जातो. दोन्ही खळगे मोठे होऊन एकमेकांना भेटले की दाढ मधोमध उभी चिरते, लाकडाला पाचर मारल्यासारखी. चौथी दाढ वयाच्या पहिल्या वर्षी, इतर सगळ्या कायमच्या दाढांच्या आधी, उगवते. सगळ्यात जास्त काळ चावण्याचा मार तिलाच बसतो. एक्स-रे पाहताना नजर आधी 109 आणि 209 वर जावी ती यासाठी.

पोकळी उघडणे

दाढ काढणे परत फिरवता येत नाही, म्हणून आधी सायनस उघडून आत पाहायचे. कपाळावर जागा अशी मापली: चेहऱ्याच्या मधल्या रेषेपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतच्या अंतराच्या 60 टक्क्यांवर, आणि कोपऱ्याच्या अर्धा सें.मी. मागे. या घोडीत अंतर 7 सें.मी., म्हणजे मधल्या रेषेपासून 4.2 सें.मी. पुढच्या मॅक्सिलरी पोकळीवर थेट छिद्र पाडायची जागा वेगळी आहे, पण दाढेचा हाडात दडलेला भाग त्या पोकळीत बराच वर आलेला असतो आणि तरुण घोड्यात ट्रेफाइन, म्हणजे हाडाला गोल छिद्र पाडणारे हत्यार, सरळ दाढेवर बसते. नऊ वर्षांच्या घोडीतही ती जोखीम घ्यायचे कारण नव्हते, कपाळातून दोन्ही गटांत जाता येते.

केस काढून, जागा निर्जंतुक करून, 2 टक्के लिग्नोकेन 8 मि.लि. त्वचेखाली आणि हाडाच्या आवरणाखाली. अडीच सें.मी. चीर, आवरण बाजूला, 15 मि.मी.च्या ट्रेफाइनने हाडाची चकती काढली. चकती निघताना ट्रेफाइन ढकलू नये, ते एकदम आत जाऊन अस्तर फाडते आणि रक्ताने काही दिसेनासे होते. आतला पहिला नमुना निर्जंतुक सिरिंजमध्ये घेतला. काचपट्टीवर एकाच जातीचे साखळीतले जंतू असते तर साध्या दाहाकडे कल गेला असता. इथे हर तऱ्हेचे मिश्र जंतू आणि वनस्पतीचे तंतू होते. सायनसमध्ये चाऱ्याचा तंतू सापडणे याचा एकच अर्थ, तोंडाशी कुठेतरी वाट आहे.

छिद्रातून दुर्बीण आत घातली. मागच्या गटात पातळ पू होता, तो ओढून घेतला. पुढच्या गटात जायचे तर खालच्या शंखास्थीच्या पोकळीचा मागचा फुगा, मॅक्सिलरी सेप्टल बुला, फोडावा लागतो. तो अंड्याच्या कवचासारखा पातळ असतो. दुर्बिणीने पाहत लांब चिमट्याने फोडला, थोडे रक्त आले, थंड सलाइनने थांबले. मागे जे दिसले ते चार महिन्यांचे उत्तर होते: चक्क्यासारखा घट्ट पू, दीड वाटीभर, हलवल्याशिवाय न हलणारा. हा गोळा कुठल्याही इंजेक्शनने विरघळत नाही आणि वरून पाणी सोडूनही बाहेर येत नाही. चिमट्याने आणि पाण्याच्या झोताने तुकडे करत काढला. बुला फोडला गेला नाही तर कित्येक घोड्यांत धुण्याचे पाणी स्वच्छ येते, सगळे खूश होतात, आणि गोळा आत तसाच राहतो.

24 नंबरचा फोली कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली रबरी नळी, आत बसवून टाक्याने त्वचेला बांधला. दुसऱ्या दिवशी, पोकळी रिकामी असताना, तिरका एक्स-रे पुन्हा. आता 209 च्या मुळाची टोके बोथट आणि फुगीर, भोवतालची पांढरी रेघ नाहीशी, त्याबाहेर हाड दाट झालेले. तोंडातली भेग, पुवातला चारा आणि हे मूळ, तिन्ही एकाच दाढेकडे बोट दाखवत होते.

दाढ काढणे

चौथ्या दिवशी, उभ्याने. पूर्ण भूल देऊन, गालाच्या हाडात छिद्र पाडून दाढ वरून ठोकून पाडणे ही जुनी पद्धत. मुळाजवळचे हाड फुटणे, पू पुन्हा साचणे, तोंड-सायनस छिद्र राहणे, हे सगळे तिच्यात जास्त. तोंडातून निघू शकणारी दाढ तोंडातूनच काढावी.

धनुर्वाताची लस आधी झाली आहे की नाही याची नोंद नव्हती, म्हणून टॉक्सॉइड दिले आणि सोबत अँटिटॉक्सिन. वेदना आणि सूज कमी करणारे फ्लुनिक्सिन किलोमागे 1.1 मि.ग्रॅ., म्हणजे मि.लि.ला 50 मि.ग्रॅ. असलेल्या औषधाचे 8 मि.लि., फक्त शिरेतून. स्नायूत दिले तर घोड्यात क्लॉस्ट्रिडियमने स्नायू सडण्याचा धोका असतो. डेटोमिडीन 3.6 मि.ग्रॅ., मग 500 मि.लि. सलाइनमध्ये 10 मि.ग्रॅ. घालून ठिबक. 20 थेंबांना 1 मि.लि. पडणाऱ्या सेटमधून सेकंदाला सुमारे दोन थेंब, म्हणजे मिनिटाला किलोमागे 0.3 मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि डोके किती खाली येते ते पाहून कमी-जास्त. डेटोमिडीनच्या गुंगीत असलेल्या घोड्याला सल्फा-ट्रायमेथोप्रिम शिरेतून देऊ नये, हृदयाचा ठेका बिघडून मृत्यू ओढवतो.

मॅक्सिलरी नर्व्ह बधिर करण्यासाठी 9 सें.मी.ची स्पायनल सुई गालाच्या कमानीखालून, डोळ्याच्या मागच्या तिसऱ्या भागाच्या रेषेत, साधारण साडेचार सें.मी. आत. मागे ओढून रक्त येत नाही हे पाहून लिग्नोकेन 15 मि.लि. सुई फार खोल गेली तर डोळ्यामागे रक्त साचते आणि डोळा पुढे येतो. चरबीच्या थरात औषध सोडले की ते आपले आपण नर्व्हपर्यंत पसरते, खोल जायची गरज नसते. वीस मिनिटे थांबून मगच काम.

हिरडी सुटी केली. दाढा हळूहळू एकमेकींपासून सैल करणारा स्प्रेडर 208 आणि 209 मध्ये, मग 209 आणि 210 मध्ये, प्रत्येक वेळी पाच मिनिटे नुसता दाबून धरला. घाई इथेच महाग पडते. आधीच चिरलेली दाढ जोराने पिळली की तुकड्यांत फुटते. गालाकडचा अर्धा सैल होता, वीस मिनिटांत निघाला. टाळूकडचा अर्धा चिमट्यात पकडून, चिमट्याचे दांडे रबरी पट्ट्याने बांधून, लहान-लहान आडवे हेलकावे. तासाभराने दाढेच्या कडेने फेसाळ रक्त आणि चिखलात पाय फसल्यासारखा आवाज येऊ लागला. हा आवाज येईपर्यंत खाली ओढायचे नसते. तो आल्यावर पुढच्या दाढेवर टेकू ठेवून तुकडा सरळ खाली काढला.

तुकडे टेबलावर जुळवले. वरच्या दाढेला तीन मुळे, दोन गालाकडे, एक टाळूकडे. टाळूकडच्या मुळाचे टोक कमी भरत होते. एक्स-रेत दाढेच्या रिकाम्या खाचेच्या तळाशी ते दिसले आणि लांब दांड्याच्या आकड्याने सुटे करून काढले. ते राहिले असते तर वाहणारे नाक थांबलेच नसते आणि दोष मात्र सायनसला गेला असता.

खाचेच्या तळाशी, बोटाला लागेल एवढे, सायनसमध्ये उघडणारे छिद्र होते. खाच खालच्या, तोंडाकडच्या तिसऱ्या भागात दोन घटक मळून बनणाऱ्या सिलिकॉन पुट्टीने बंद केली. संपूर्ण खाच भरायची नसते. वर जागा राहिली तरच रक्ताची गुठळी बसून नवी मांसल भर येते.

धुणे, औषधे आणि नवव्या दिवसाची अडचण

धुण्याचे पाणी: उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, एका वेळी 3 लिटर, त्यात 5 टक्क्यांचे पोव्हिडोन आयोडीन लिटरला 10 मि.लि. रंग फिक्या काळ्या चहासारखा यायला हवा. गडद केले की अस्तर भाजते आणि तेच सूज वाढवते. पाणी डोक्यापेक्षा मीटरभर उंच टांगलेल्या भांड्यातून, फक्त उताराने. डोके खाली धरलेले, म्हणजे पाणी नाकातून बाहेर जाते, श्वासनलिकेत नाही. पाणी आत जाते पण नाकातून येत नाही, घोडी डोके झटकते, अशी वेळ आली तर थांबायचे. निचरा बुजलेला असतो आणि दाब वाढवून तो उघडत नाही. या घोडीत बुला फोडल्याने पाणी पहिल्या दिवसापासून मोकळे आले.

तोंडाने मेट्रोनिडाझोल किलोमागे 20 मि.ग्रॅ., म्हणजे 400 मि.ग्रॅ.च्या 18 गोळ्या, दिवसातून तीनदा. ते कडू असते आणि भूक मारते, म्हणून गुळाच्या पाण्यात कुटून सिरिंजने जिभेच्या मागे. सल्फा-ट्रायमेथोप्रिम एकत्रित 30 मि.ग्रॅ. किलोमागे, म्हणजे 960 मि.ग्रॅ.च्या 11 गोळ्या, दोनदा. दोन्ही सात दिवस. दाढ निघाल्यावर आणि पोकळी रिकामी झाल्यावर औषधांचे काम दुय्यमच असते. लिंकोमायसिन किंवा क्लिंडामायसिन मात्र, माणसाच्या दंतवैद्याकडे ते सर्रास लिहिले जाते म्हणून, घोड्याला कधीही नाही. मोठ्या आतड्याचा दाह होऊन घोडा मरतो.

चारा जमिनीवर. डोके खाली ठेवून खाल्ले की सायनस आपोआप रिता होतो. लांब कडबा बंद, भिजवलेला कोंडा आणि बारीक कापलेला ओला लसूणघास. कपाळाच्या छिद्रावर गॉझची गादी रोज बदलायची. पाऊस नुकताच सरलेला, माशा भरपूर, उघड्या छिद्रात अळ्या पडायला एक दुपार पुरते. कडेला माशी बसू न देणारे मलम, आत काही नाही.

सातव्या दिवशी पाणी जवळजवळ स्वच्छ होते. नवव्या दिवशी त्यात हिरवे कण आले. नाकातून नव्हे, धुतलेल्या पाण्यात, म्हणून ते चाळणीवर गाळायची सवय उपयोगी पडली. आरशाने पाहिले तर पुट्टीचा बूच तिरका होऊन मागच्या कडेला फट पडली होती आणि चारा थेट वर चढत होता. यात दोन चुका एकत्र आल्या होत्या. बूच माथ्याच्या वर दोन मि.मी. राहिलेला होता आणि समोरची खालची दाढ प्रत्येक चावण्याला त्याला ढकलत होती. शिवाय धुण्याचे पाणी वरून त्याच्यावर दाब देत होते. अशा वेळी धुणे वाढवायची इच्छा होते, ते उलटे आहे. पाणी जेवढे जास्त तेवढे छिद्र उघडे राहते.

बूच काढला, खाच खरवडून सैल हाडाची एक कपची निघाली. तीही अडचणीचाच भाग होती, मेलेल्या हाडावर भर येत नाही. नवा बूच आधीपेक्षा लहान, हिरडीच्या पातळीच्या किंचित आत. धुणे एक दिवसाआड 1 लिटरवर आणले. कणांचे येणे दोन दिवसांत थांबले. चौदाव्या दिवशी कॅथेटर काढला, अठराव्या दिवशी नाकपुडी पूर्ण कोरडी. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बूच काढला तेव्हा खाचेच्या तळावर गुलाबी, दाणेदार भर सलग होती आणि शोधणी कुठेच वर जात नव्हती. लहानसा बूच आणखी दोन आठवडे ठेवला. कपाळाचे छिद्र चौथ्या आठवड्यात भरले, वर केस पांढरेच येणार होते, नुकऱ्या घोडीला त्याचे काय.

सहाव्या आठवड्याची दुर्बीण: निचऱ्याच्या फटीतून काही येत नाही, शंखास्थी मूळ आकाराला, डोळा कोरडा. लगाम तोवर दिलेला नव्हता. सुरुवातीच्या वरातीच्या तारखा तबेल्यातल्या दुसऱ्या घोडीने केल्या.

डाव्या खालच्या चौथ्या दाढेला, म्हणजे 309 ला, आता समोर घासायला कोणी नाही. घोड्याची दाढ वर्षाला दोन-तीन मि.मी. बाहेर येतच राहते. तिची पायरी वाढून वरच्या रिकाम्या जागेत घुसली की जबडा मागे-पुढे सरकत नाही आणि भरलेली खाच पुन्हा दुखावते. दर सहा महिन्यांनी माउथ गॅग, आरसा आणि कानस, एका वेळी तीन मि.मी.पेक्षा जास्त घासायचे नाही, नाहीतर मज्जा उघडी पडते. 208 आणि 210 काही वर्षांत एकमेकांकडे सरकून फट अरुंद करतील. तोवर त्या फटीत चारा अडकतो का, तेही त्याच वेळी पाहायचे.